पिनवर किती?

सकाळी सहा

पॅच रात्रीच येऊन पडला होता. मी तो मुद्दाम उघडला नाही. रात्री वाचलेल्या दुरुस्तीला माणूस लवकर हो म्हणतो, आणि रिव्ह्यू करणाऱ्याने लवकर हो म्हटलं की त्याची किंमत पुढे भलताच कोणी मोजतो.

नोव्हेंबर आहे. आंबिया बहाराची संत्री तोडायला आलीत, कापसाची वेचणीही सोबतच, त्यामुळे घरातली माणसं उजाडायच्या आत वावरात जायच्या घाईत. ‘‘काहून वं, दिवस निघाला नाही अन् मशीन उघडून बसली?’’ आई विचारते. चहा ठेवते आणि उत्तराची वाट न पाहता टोपली उचलते. कंपनी पुण्याची, घर रामाकोन्याचं. सिल्लेवानीचा घाट उतरून सौंसरकडे निघालं की रस्त्यावरच आमचं गाव. २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होतो, आता पांढुर्ण्यात आहोत. कंपनीला यातलं काही माहीत असायचं कारण नाही. तिला फक्त एवढं हवं असतं की साडेनऊच्या आत माझं नेटवर्क चालू असावं.

पॅच छोटा. बदललेल्या ओळी मोजून सात-आठ, आणि वर एका ओळीचा निरोप: व्होल्टेज मल्टिमीटरपेक्षा सहा टक्के कमी दिसतं, म्हणून सुधारणा केली आहे. किती चुकतंय ते लिहिलंय. का चुकतंय, ते नाही. मी चहा संपवेपर्यंत त्या एका ओळीकडेच पाहत बसते.

साडेसात

आधी तक्रार काय आहे ते बघू. आम्ही बॅटरीवर नजर ठेवणारा एक बोर्ड बनवतो. बॅटरी ४८ व्होल्टची, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सोळा सेल ओळीने जोडलेले. डोंगरातल्या टॉवरवर, आरोग्य केंद्राच्या सोलरवर, अशा ठिकाणी ती असते. बोर्डवर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आयएनए२२६ ही चिप व्होल्टेज आणि करंट मोजते. एका साइटवरून निरोप आला की बॅटरी भरलेली असताना बोर्ड ‘बॅटरी उतरली’ म्हणतो आणि डिझेल जनरेटर उगाच सुरू होतो. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या पोराने तोच बोर्ड टेबलावर घेतला. मीटर ५४.० व्होल्ट दाखवतो, बोर्ड ५०.९३.

तीन व्होल्टचा फरक. दुसऱ्या एखाद्या बॅटरीत तो खपून गेला असता. या बॅटरीचा स्वभावच असा, की व्होल्टेज बराच काळ हलतच नाही. ५४ भागिले सोळा म्हणजे सेलमागे ३.३८, बॅटरी जवळजवळ भरलेली. ५०.९३ भागिले सोळा म्हणजे ३.१८, बॅटरी तळाला आलेली. भरलेली आणि रिकामी यांच्यातलं जवळजवळ सगळं अंतर त्या सहा टक्क्यांत मावतं. जनरेटर बिचारा सांगितलं तसं वागत होता.

म्हणजे तक्रार खरी आहे. रिव्ह्यूमध्ये हे आधी पक्कं करून घ्यावं लागतं, कारण निम्म्या तक्रारी मीटरचा सेल उतरल्यामुळे आलेल्या असतात.

साडेनऊ

सकाळची मीटिंग दहा मिनिटांत आटोपते. मग कोड.

चिपमध्ये व्होल्टेजचं एक रजिस्टर आहे. त्यातला प्रत्येक अंक म्हणजे सव्वा मिलिव्होल्ट. सगळ्यात वरचा बिट कायम शून्य, म्हणून रजिस्टरचा मोठ्यात मोठा आकडा ३२,७६७, त्याचे होतात ४०.९६ व्होल्ट. पण व्होल्टेज मोजायच्या पिनला ३६ व्होल्टच्या वर काही द्यायचं नाही, असं डेटाशीट बजावतं. बॅटरी त्याहून वरची, म्हणून बोर्डवर दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज अर्धं केलंय आणि ते अर्धं पिनला दिलंय. चिप वाचणारा ड्रायव्हर पिनवरचं सांगतो, वरचा प्रोग्राम त्याची दुप्पट करतो. ही झाली जुनी व्यवस्था.

पोराने सोबत रजिस्टरची कच्ची नोंदही पाठवली होती, याबद्दल त्याला मनातल्या मनात शाबासकी. सोळाआधारी नोंद: ९५४एफ. ही चिप मोठा बाइट आधी पाठवते, आपलं वाचणारं साधन मात्र छोटा आधी धरतं, म्हणून बाइट उलटे करून घ्यायचे: ४एफ९५, म्हणजे २०,३७३. गुणिले सव्वा, २५.४६६ व्होल्ट. दुप्पट केली की ५०.९३. जुळलं.

इथे एक गंमत सांगायला हवी. बाइट उलटे करायचे राहिले असते तर ९५४एफचे ३८,२२३ झाले असते, आणि त्याचे ४७.७८ व्होल्ट. अठ्ठेचाळीस व्होल्टच्या बॅटरीसाठी किती छान, पटण्यासारखा आकडा! कोणीतरी हरखून ‘दुप्पट करायची गरजच नाही’ म्हणाला असता. वरचा बिट शून्यच असतो, हे ज्याला ठाऊक त्यालाच कळणार की हा आकडा चिप कधी देऊच शकत नाही. तद्दन चुकीचा आकडा लगेच पकडला जातो. पटण्याजोगा चुकीचा आकडा वर्षानुवर्षं नांदतो.

आता पॅच, तोही याच पोराचा. त्याने रजिस्टरला १२५० ने गुणलंय, मग १०६ ने, आणि शेवटी एक लाखाने भागलंय. ड्रायव्हर चालतो त्या लिनक्सच्या कर्नलमध्ये दशांश वापरत नाहीत, म्हणून १.०६ ऐवजी १०६ भागिले १००, ते बरोबर. क्रमही चांगला, आधी गुणून मग भागलं की बारीक अंक गळत नाहीत. पण गुणाकार मावला पाहिजे. २०,३७३ गुणिले १,३२,५००, म्हणजे २,६९,९४,२२,५००. बत्तीस बिटांच्या चिन्हासहित आकड्यात २,१४,७४,८३,६४७ च्या वर काही बसत नाही. पोराने हिशेब ‘लाँग’मध्ये केलाय. त्याच्या टेबलावरचा नवा बोर्ड ६४ बिटांचा, तिथे लाँग ऐसपैस. साइटवर बसलेले जुने बोर्ड ३२ बिटांचे, तिथे लाँग बत्तीस बिटांतच संपतो.

वहीवर मांडून पाहते. पिनवर २०.२६ व्होल्ट झाले की गुणाकार उलटतो. बॅटरीच्या हिशेबाने ते साधारण ४३ व्होल्ट, म्हणजे जिवंत असलेली प्रत्येक बॅटरी त्याच्या वरच. जुन्या बोर्डवर हा पॅच गेला असता तर पिनवर उणे १५.९५ व्होल्ट दिसले असते. भरलेल्या बॅटरीला उतरलेली म्हणण्यापेक्षा हे वाईट की बरं, कोण जाणे. निदान लोक फोन तरी लगेच करतील.

ही चूक सोपी आहे, एका ओळीत सुधारेल. पण मला मुळात तो १०६ च पटलेला नाही.

अकरा

फोन लावते. ‘‘ताई, मी चार-पाच वेगवेगळ्या व्होल्टेजला तपासलंय,’’ पोरगा सांगतो. ‘‘प्रत्येक ठिकाणी सहाच टक्के. ऑफसेट नाही, सरळ गुणोत्तर आहे. चिपची गेन एरर असणार.’’

मुद्दा नीट मांडतो. चूक सगळीकडे सारख्या प्रमाणात आहे, हे त्याने शोधलं, ते खरंच कामाचं आहे. पण या चिपची गेन एरर टक्क्याच्या अगदी लहान भागातली असते. सहा टक्के चुकणारी चिप कोणी विकणार नाही.

‘‘मीटर कुठे लावलास?’’

‘‘बॅटरीच्या टर्मिनलला.’’

‘‘आणि पिनला?’’

जरा शांतता. ‘‘पिनला नाही लावला. पिनवर बरोबर अर्धंच असणार ना ताई, दोन्ही रेझिस्टर शंभर-शंभर के आहेत.’’

शंभर के, म्हणजे किलोओहम. आता थोडं लक्षात यायला लागतं. त्याला म्हणते, जेवण झालं की पिनला लाव आणि कळव. काय दिसेल ते मी आधी सांगत नाही. सांगितलं की माणसाला तेच दिसायला लागतं.

डेटाशीट उघडते. व्हीबस पिनचा इनपुट इम्पिडन्स: ८३० किलोओहम, टिपिकल. चिपच्या आत या पिनपासून जमिनीपर्यंत एवढा रस्ता कायम उघडा आहे. आपला खालचा रेझिस्टर १०० के, त्याला समांतर हे ८३०. दोघांचे मिळून ८९.२५. म्हणजे व्होल्टेज अर्धं होतच नाही, ०.४७१६ होतं. ५४ गुणिले ०.४७१६ म्हणजे २५.४६६.

रजिस्टरमधला आकडा. तंतोतंत. ड्रायव्हर पहिल्यापासून खरं बोलत होता.

दुपारी एक

लाइन जाते. आमच्याकडे ही बातमी नव्हे, पण आज मला हवीच होती. लाइन असली की इन्व्हर्टर बॅटरीला चार्ज करत असतो आणि तिचं व्होल्टेज हलत राहतं. आता पंखेही बंद केले की बॅटरी निवांत. घरात जुनी आयएनए२२६ ची चिमुकली पाटी आहे, रास्पबेरी पाय आहे, शंभर केचे रेझिस्टर डब्यात आहेत. कागदावरचं गणित बरोबर आलं तरी एकदा तारेवर बघितल्याशिवाय मी कोणाच्या पॅचला नाही म्हणत नाही. ही माझी खोड आहे, कंपनीचा नियम नव्हे.

मधल्या खोलीत इन्व्हर्टरच्या बॅटरीला तारा लावलेल्या पाहून शेजारचे काका दारातच थांबतात. ‘‘काही होत नाही नं बेटा?’’ बारा व्होल्ट आहे काका, काही होत नाही. ‘‘मंग ठीक आहे,’’ म्हणतात, पण आत येत नाहीत.

मीटर टर्मिनलला: १२.६०. चिपचा आकडा पिनवर ५.९४ च्या आसपास. दुप्पट केली तर ११.८८. पुण्याला ५४ च्या जागी ५०.९३ दिसत होते, तीच तूट इथेही. आता शंभर केचे दोन्ही रेझिस्टर काढून दहा केचे लावते. पिनवर ६.२६, दुप्पट १२.५२. चिप तीच, ड्रायव्हर तोच, बॅटरी तीच; सहा टक्क्यांची चूक उतरून अर्ध्या टक्क्याच्या जरा वर आली. गेन एरर असती तर रेझिस्टर बदलून ती कशी जाईल?

पुन्हा शंभर के लावते आणि मीटरची टोकं आता थेट पिनला टेकवते. हे मला बघायचंच होतं. टोकं टेकताच स्क्रीनवरचा चिपचा आकडा ५.९४ वरून ५.९१ ला उतरतो. मीटरही तेच दाखवतो, ५.९१. टोकं काढली की परत ५.९४. मीटरच्या आत दहा मेगाओहम असतात. तोही त्या पिनवरून आपला वाटा ओढतोच. चिपने ओढला तसाच, फक्त कमी. दोघं एकमेकांशी सहमत आहेत, आणि दोघंही एकमेकांचा आकडा खाली खेचतायत.

जेवायला पोळी, मेथीची भाजी, ठेचा. जेवता जेवता पुण्याचा निरोप: ‘‘ताई, पिनवर २५.३५. अर्धं २७ यायला हवं होतं. काहीतरी गडबड आहे.’’ मीटरच्या दहा मेगाओहमचा हिशेब धरला तर नेमके एवढेच यायला हवेत. त्याला लिहिते की गडबड नाही, डेटाशीटमध्ये इनपुट इम्पिडन्सची ओळ शोध.

तीन

आता खरा प्रश्न. पोराचा गुणक १.०६. माझ्या गणिताने नेमका गुणक १.०६०२. म्हणजे त्याची दुरुस्ती लागू पडते! साइटवरचा नवा बोर्ड ५४ ला ५३.९९ दाखवेल, जनरेटर गप्प बसेल, तक्रार बंद होईल. मग नाही का म्हणायचं?

कारण हाच ड्रायव्हर आमच्या २४ व्होल्टच्या बोर्डवरही चालतो. तिथे आठच सेल, व्होल्टेज ३६ च्या आत, म्हणून बॅटरी थेट पिनला जोडलीय. मध्ये रेझिस्टर नाहीत, त्यामुळे ८३० केने काही बिघडत नाही. तिथे २७.० व्होल्ट आज बरोबर दिसतात. या पॅचनंतर २८.६२ दिसतील, सेलमागे ३.५८, आणि चार्जर ‘भरली’ समजून लवकर थांबेल. त्या गिऱ्हाइकांची बॅटरी रोज अर्धवट भरेल आणि कोणाला कारण कळणार नाही. कापसाच्या गाडीवर ओल धरून सरसकट कडता कापतात ना, ओला असो की खडखडीत वाळलेला, तसा हा १०६.

लिनक्समध्ये अशा सेन्सरांच्या ड्रायव्हरांची एक वेगळी शाखा आहे, एचडब्ल्यूमॉन. कोणता आकडा कोणत्या एककात द्यायचा ते तिथे ठरलेलं आहे: व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, करंट मिलिअँपिअरमध्ये, तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, पॉवर मायक्रोवॉटमध्ये. व्होल्टेजबद्दल तिच्या कागदपत्रांत एक ढोबळ नियमही दिलाय: ड्रायव्हरने चिपच्या पिनवर जे आहे ते सांगावं. बाहेरचे रेझिस्टर बोर्डागणिक बदलतात, त्यांचा हिशेब वरच्या प्रोग्रामने करावा. त्यासाठी सेन्सरांच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘कॉम्प्युट’ नावाची ओळ असते, तिथे गुणक लिहायचा. आमची दुप्पट तिथेच आहे.

हे सगळं लिहून पाठवते, आणि पोरगा मला अडवतो. ‘‘पण ताई, त्याच कागदपत्रांत लिहिलंय की एलएम८७ आणि व्हीआयए६८६ए चे ड्रायव्हर स्वतः स्केल करतात, कारण रेझिस्टर चिपच्या आत आहेत. मग हे ८३० केसुद्धा चिपच्या आतलेच ना?’’

वा. याला म्हणतात वाचणं. उत्तर द्यायला मला खुर्चीत नीट बसावं लागतं.

त्या चिपांमध्ये आतले रेझिस्टर व्होल्टेज विभागतात, म्हणजे पिनवरचं एक आणि आत मोजलं जातं ते दुसरं. ड्रायव्हर ते परत पिनपर्यंत आणून सांगतो. आयएनए२२६ मध्ये सव्वा मिलिव्होल्टचं माप पिनपासूनच धरलेलं आहे. आतल्या ८३० केमुळे पिन आणि रजिस्टर यांचं नातं बिघडत नाही, बिघडतं ते बॅटरी आणि पिन यांचं. आणि ते किती बिघडेल हे बाहेरच्या रेझिस्टरवर ठरतं: शंभर केला सहा टक्के, दहा केला अर्ध्या टक्क्याच्या थोडं वर, थेट जोडलं तर शून्य. ड्रायव्हरला बाहेर काय लावलंय ते दिसत नाही. ज्याला दिसत नाही त्याने अंदाज बांधून सुधारू नये.

‘‘म्हणजे कॉम्प्युटमध्ये दोनच्या जागी २.१२०५?’’

हो, फक्त त्या बोर्डच्या फाइलमध्ये.

साडेचार

याच पॅचच्या शेपटाला आणखी एक बदल होता, इशारा कितीला द्यायचा ती मर्यादा लिहिण्याच्या कोडमध्ये. वापरणाऱ्याने दिलेला आकडा आधी भागलाय आणि मग हद्दीत कोंबलाय. दिसायला निरुपद्रवी. पण २०२४ मध्ये ग्युंटर रोक या एचडब्ल्यूमॉनच्या मेंटेनरने याच क्रमाबद्दल चार ड्रायव्हर दुरुस्त केले, त्यात व्होल्टेज मोजणाऱ्या एडीसी१२८डी८१८ चाही होता. कोणी ६४ बिटांतला लहानात लहान उणे आकडा लिहिला, की जवळच्या अंकाला आणणाऱ्या भागाकारात तो आणखी खाली ढकलला जातो आणि गुंडाळून थेट मोठा अधिक आकडा होतो. मग हद्दीत कोंबल्यावर खालच्या टोकाऐवजी वरचं टोक मिळतं. उपाय एवढाच की आधी कोंबायचं, मग भागायचं. त्या चारही दुरुस्त्यांना सीव्हीई, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटींच्या यादीतले, क्रमांक मिळाले. पोराला दुवा देते. हे त्याने वेगळ्या पॅचमध्ये करावं, एका पॅचमध्ये एकच गोष्ट.

सहा

वावरातून सगळे परत आलेत. ओट्यावर संत्र्यांची छाटणी, लहान-मोठी वेगळी, डागी बाजूला. मी आत रिव्ह्यू लिहिते. मंजूर नाही, पण कारणांसह, आणि त्याने केलेल्या मोजमापाचा आधी उल्लेख करून. नुसतं ‘नाही’ लिहिलेला रिव्ह्यू मला आळशीपणाचा वाटतो. सांगणाऱ्याला वाटतं आपण दर्जा राखला, ऐकणाऱ्याला काहीच मिळत नाही.

दुसरी चिठ्ठी हार्डवेअरवाल्यांना. शंभर के का घेतले ते मला कळतं, बॅटरी कमी झिजावी म्हणून. ५४ व्होल्टला दोन लाख ओहम म्हणजे जेमतेम पाव मिलिअँपिअर. दहा-दहा के घेतले तर २.७ मिलिअँपिअर, म्हणजे साधारण ०.१५ वॉट अष्टौप्रहर. टॉवरच्या बॅटरीला हे काहीच नाही, महिनोन्महिने गोदामात पडून राहणाऱ्या बॅटरीला मात्र विचार करावा लागेल. पुढच्या आवृत्तीत निर्णय तुमचा, पण ८३० केचा हिशेब कागदावर मांडून घ्या.

साडेसात

दुसरी आवृत्ती येते. ड्रायव्हरला हातच लावलेला नाही. बोर्डच्या फाइलमध्ये एक ओळ बदललीय, आणि वरचा निरोप आता चांगला पानभर आहे: कोणते रेझिस्टर, आतला इम्पिडन्स, दोघांचं समांतर गणित, टर्मिनलवर आणि पिनवर काय मोजलं. ‘रिव्ह्यूड बाय’ची ओळ जोडून आपलं नाव लावायचं, ही लिनक्सवाल्यांची रीत आम्हीही घेतलीय. लावते.

लगेच त्याचा निरोप. ‘‘ताई, डेटाशीटमध्ये ८३० च्या पुढे टिपिकल लिहिलंय. कमीत कमी, जास्तीत जास्त दिलेलंच नाही. मग २.१२०५ सगळ्या बोर्डांना चालेल का?’’

हा प्रश्न सकाळी मलाच पडायला हवा होता. लिहिते: उद्या वेगवेगळ्या खेपांतले जेवढे बोर्ड मिळतील तेवढे घे. टर्मिनलवरचं मीटरने मोज, त्याच क्षणी रजिस्टर वाच, आणि दोघांचं गुणोत्तर लिहीत जा. पिनला मीटर लावू नकोस.